रोही मारल्याचा सत्कार

तात्यासाहेबांनी नवी गाडी घेतली ती मुळात रस्त्यावर चालवण्यासाठी नव्हतीच. ती लोकांनी पाहण्यासाठी होती. काळी, उंच, आणि पायरीवर पाय दिल्याशिवाय आत चढता येणार नाही अशी. शहरात पुंडलिकनगरच्या गल्लीत ती उभी राहिली की समोरच्यांची स्कूटी बाहेर निघत नसे, आणि समोरच्यांनी कटकट केली की तात्यासाहेबांना आपण मोठे झाल्याचं समाधान मिळे. येत्या निवडणुकीला गावाकडच्या गटातून जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी काय काय लागतं याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता, आणि मोठी गाडी लागते एवढ्यावर तो विचार येऊन थांबला होता.

त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, गाडीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी शेतातली विहीर बांधून घ्या म्हणून सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

शेत दौलताबादच्या पलीकडे, किल्ल्याच्या मागच्या अंगाला होतं. गहू-हरभरा निघाला की दरवर्षी तिथे बिरूच्या मेंढ्या बसत. नगरकडून येणारं हे धनगराचं बिऱ्हाड. दिवसा मेंढ्या शिवारात चरायच्या, रात्री तात्यासाहेबांच्या रानात बसायच्या, जमिनीला फुकटात असं खत मिळायचं की त्यावर पुढचं सगळं पीक उभं राही. बदल्यात बिऱ्हाडाला धान्य. बिरूची बायको कस्तुराबाई आणि द्वारकाबाई यांचं तर विशेष सूत होतं. शेतावर जाताना द्वारकाबाई शहागंजच्या बाजारातून तिच्यासाठी काचेच्या बांगड्या घेऊन जायच्या आणि येताना त्यांच्या पिशवीत गावरान अंडी असायची. पुंडलिकनगरात त्यांना काकू म्हणणारे पुष्कळ होते, पण मन मोकळं करावं असं माणूस जगात ते एकच होतं, आणि तेही वर्षातून महिनाभरच भेटायचं. बाकीचे अकरा महिने द्वारकाबाई बोलायच्या गोष्टी साठवून ठेवायच्या.

त्या संध्याकाळी नवराबायको शेतातून परत निघाले होते. सूर्य किल्ल्याआड गेलेला, उजेड असून नसल्यासारखा. तात्यासाहेबांच्या एका हातात स्टिअरिंग होतं आणि दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर ते कुणाला तरी गटातल्या मतांचं गणित समजावून सांगत होते. वळणावर बाभळींच्या आडून एक जनावर रस्त्यावर आलं. द्वारकाबाईंना ते नीट दिसलं, कारण गाडीत समोर पाहणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पांढुरकं अंग, लांब आयाळ, गळ्यात कवड्यांची माळ आणि पुढच्या दोन पायांना बांधलेलं दावं. दाव्यामुळे त्याला धड पळता येत नव्हतं, ते उड्या मारत चाललं होतं. रोही, म्हणजे रानातली नीलगाय, कितीही शहाणा झाला तरी तो स्वतःच्या पायांना दावं बांधून चरायला निघत नाही.

"अहो, घोडी," असं त्या म्हणेपर्यंत दणका बसला. जनावर ओढ्याच्या बाजूला फेकलं गेलं आणि झुडपांत दिसेनासं झालं. पुढे जाऊन गाडी जराशी मंदावली. द्वारकाबाई म्हणाल्या की थांबवा, ती मथुरी होती, कस्तुराबाईची घोडी. तात्यासाहेबांनी आधी पायाशी पडलेला फोन उचलला, त्याची काच शाबूत आहे याची खात्री करून घेतली, आणि मग आरशात पाहिलं.

"रोही होता," ते म्हणाले. "उगं नाय ते डोक्यात घेऊ नको. अन् कुठं बोलायचं नाय."

गाडी निघाली. घरी पोचल्यावर बोलू, असं द्वारकाबाईंनी ठरवलं. घरी पोचल्यावर सकाळी बोलू असं ठरवलं. आता गप बसू, मग बोलू, असं ठरवत त्यांनी तीस वर्षं संसार केला होता, आणि तो 'मग' अजून एकदाही उजाडला नव्हता.

सकाळी गल्ली गाडीभोवती जमली. बॉनेट चेपलेलं, एक दिवा फुटलेला. तात्यासाहेब पहिल्या माणसाला म्हणाले की रोही आडवा आला, थोडक्यात वाचलो. दुसऱ्याला म्हणाले की केवढा मोठा रोही होता, बैलाएवढा. तिसरा माणूस गावाकडचा निघाला. त्याच्या शेतात रोहीच्या कळपानं उन्हाळी ज्वारी लोळवली होती आणि तो आठवडाभर राखणीला जागत होता. तो हात जोडून म्हणाला की तात्यासाहेब, लई चांगलं काम केलंत. हे ऐकल्यावर तात्यासाहेबांच्या डोळ्यांत जी चमक आली ती द्वारकाबाईंच्या ओळखीची होती. चौथ्या माणसाला त्यांनी सांगितलं की ब्रेक मारता आला असता, पण मारला नाही.

त्यांचा मुलगा ऋतुराज शिक्षण संपवून बापाच्या प्रचाराचं काम बघत होता. म्हणजे फोन बघत होता. त्याला ही गोष्ट एकदम पसंत पडली. शेतकऱ्याचं पीक वाचवण्यासाठी ज्यानं नव्या गाडीची पर्वा केली नाही, असा उमेदवार गटात दुसरा नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. गाडी दुरुस्तीला टाकायची नाही, प्रचार होईस्तोवर अशीच फिरवायची, हेही त्यानंच ठरवलं. बापलेक आत चहा घेत असताना द्वारकाबाईंनी गाडीच्या जाळीत अडकलेले लांब पांढरे केस वेचून काढले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि वरून केळीची सालं टाकली. आपण हे का केलं, असा प्रश्न त्यांना पडला नाही. बाईच्या हाताला घरची घाण झाकायची सवय असते.

त्याच दिवशी डबा करून त्या बसनं शेतावर गेल्या. सगळं सांगून टाकायचं, एवढंच ठरवून गेल्या होत्या. कस्तुराबाई बांधावरच भेटली.

"मथुरी दिसंना, वैनी," ती म्हणाली. "काल दिस बुडायच्या वक्ताला रस्त्याकडंलाच चरत व्हती."

घोडी म्हणजे त्या बिऱ्हाडाचं निम्मं घर होतं. पाल, भांडी, कोंबड्यांचं डालगं, चालता न येणारी कोकरं, सगळं तिच्या पाठीवर. यंदा कस्तुराबाईची सून रत्नमाला बाळंत होऊन जेमतेम महिना झाला होता. तीही तान्ह्याला घेऊन घोडीवरूनच पुढच्या मुक्कामी जायची होती. मथुरी शिंगरू असताना कस्तुराबाईनं तिला स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलं होतं, कारण तिची आई गेली होती. हे द्वारकाबाईंना इतक्या वेळा ऐकून पाठ होतं.

कस्तुराबाई म्हणाली की ओढ्याकडं बघून येऊ. द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून जे आलं ते ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"ओढ्यात काय चारा हाय? टेकडीकडं गेली असंल."

मग दोघी टेकडीकडे गेल्या. ऊन चढलं होतं. कस्तुराबाई पुढे, द्वारकाबाई मागे. मथुरे, मथुरे, अशा कस्तुराबाईच्या हाका शिवारभर जात होत्या. द्वारकाबाईंनीही हाका मारल्या. चांगल्या मोठ्यानं मारल्या. ज्या बाईला घोडी कुठे आहे हे माहीत होतं, तिच्याइतक्या मनापासून त्या दिवशी घोडीला कुणी हाक मारली नसेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे कावळे ओरडताना बिरूनं ऐकले आणि ओढ्यात मथुरी सापडली. मागची मांडी मोडलेली, पुढच्या पायांना दावं तसंच. तात्यासाहेब त्या दिवशी लोकांना भेटायला गावात आले होते. बिरूनं त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी फार हळहळ व्यक्त केली. ट्रकवाले बेफाम चालवतात म्हणाले. तुम्ही लोकही जनावरं रस्त्याला मोकळी सोडता म्हणाले. इतकी मनापासून हळहळ व्यक्त केल्यावर त्यांना भूक लागली आणि ते जेवायला गेले.

आता एकाच संध्याकाळी, एकाच वळणावर एक गाडी चेपते, रोही काही कुणाला सापडत नाही, आणि ओढ्यात घोडी मरून पडते. गावाला बेरीज येत नव्हती असं नाही. पण रोही मारल्याबद्दल तात्यासाहेबांच्या सत्काराचं ठरून गेलं होतं, मंडप सांगून झाला होता, आणि सत्कारानंतर जेवण होतं.

सत्कार मारुतीच्या पारापुढे झाला. शाल आणि फेटा ऋतुराजनंच शहागंजातून आणला होता, कारण सत्कार करणाऱ्यांच्या ते ऐनवेळी लक्षात राहिलं नसतं. द्वारकाबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची होती. बिरू मागे, खाली बसला होता. ज्याच्या रानात मेंढ्या बसल्या आहेत त्याच्या सत्काराला जायचं नाही, हे बरं दिसलं नसतं. कस्तुराबाई आली नव्हती. तात्यासाहेब बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांना इतकी रंगत चढली की रोहीनं शिंगं रोखून गाडीकडे पाहिलं, इथपर्यंत गोष्ट आली.

"ब्रेकवर पाय होता माझा," ते माइकवर म्हणाले. "पण माझ्या शेतकऱ्याची ज्वारी आठवली. म्हणलं, नाय. घातली गाडी अंगावर."

टाळ्या पडल्या. बिरूनंही दोन वाजवल्या. द्वारकाबाईंच्या मांडीवरच्या हातांनीही वाजवल्या. ऋतुराजनं सगळं फोनमध्ये घेतलं, खाली तुतारी-ताशांचं संगीत लावलं आणि त्याच रात्री जगाला दाखवलं. जगात वनखातंही येतं, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकनगरात वनखात्याच्या बाई आल्या. वनपाल होत्या. साध्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी चहा घेतला, गाडी पाहिली, फोनवर ते भाषण तात्यासाहेबांनाच पुन्हा ऐकवलं. तात्यासाहेबांना वाटलं, कौतुक करायला आल्या.

"जनावर आडवं आलं आणि धडकलं, तर तो अपघात," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय की मुद्दाम घातली. रोहीला कायद्याचं संरक्षण आहे. याला आमच्याकडे शिकार म्हणतात."

उमेदवारी, फेटा, पार, टाळ्या, सगळं तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरून उतरत गेलेलं द्वारकाबाईंनी पाहिलं. मग त्या चेहऱ्यावर अचानक सत्याबद्दलचं प्रेम दाटून आलं. मॅडम, रोही नव्हताच मुळी, ते म्हणाले. घोडी होती. धनगराची. अंधारात चुकून लागली. भाषणाचं काय, भाषणात माणूस चार शब्द जास्तीचे बोलतो.

बाई म्हणाल्या की असं असेल तर घोडीच्या मालकाला विचारावं लागेल, आणि अजून कुणी पाहिलं असेल तर त्यालाही. आत्ताच चला.

एका दिव्याची गाडी शेताकडे निघाली. वनपाल बाई त्यांच्या जीपमधून मागे येत होत्या. वाटेत तात्यासाहेब एकटेच बोलत होते. बिरूला दुसरी घोडी घेऊन देऊ, चांगली देऊ, त्याला काय, त्याला घोडीशी मतलब. ऋतुराज प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. द्वारकाबाई बाहेर बघत होत्या. वळण आलं तेव्हा गाडीतलं बोलणं थांबलं आणि वळण गेल्यावर पुन्हा सुरू झालं.

रानात बिऱ्हाड आवरणं चाललं होतं. मेंढ्यांची जाळी सुटली होती. तात्यासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा बिरूला बिरूभाऊ म्हटलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी माझ्या गाडीला तुमची घोडी लागली, एवढं मॅडमना सांगा, ते म्हणाले. बिरूनं खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग बाईंकडे.

"आमच्या घोडीला तर ट्रकनं उडवलं म्हनं," तो म्हणाला. "सायबांनीच सांगितलं. सायबांनी तर रोही मारला. टाळ्या वाजवल्या ना आमी."

हे बोलताना त्याला मजा येत होती की राग येत होता, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. वनपाल बाई शांतपणे तात्यासाहेबांकडे पाहत होत्या. तात्यासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर बायकोवर येऊन थांबली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बायकोचं म्हणणं हवं होतं.

"ही होती गाडीत," ते म्हणाले. "हिनं पाह्यलंय. सांग की, द्वारका. बोल ना."

द्वारकाबाईंनी मान खाली घातली नाही. ते तरी आपल्याकडून होऊ नये असं त्यांना वाटलं.

"घोडीच होती," त्या म्हणाल्या. "मथुरी. मी तवाच वळखली."

तात्यासाहेबांनी मोठा श्वास सोडला. वनपाल बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या की ठीक, ऑफिसला येऊन दोघांनी जबाब द्यायचा, आणि इथून पुढे भाषणं सांभाळून करायची. सगळं मिटल्यासारखं झालं. कोकराला पाजत बसलेली कस्तुराबाई तेवढ्यात उठली आणि पदराला हात पुसत पुढे आली. ती दुसऱ्या कुणाकडे बघत नव्हती.

"तवाच वळखली, वैनी?"

"हां."

"म्हंजी माझ्यासंगं टेकडीवर हाका मारत फिरलात, तवा तुमाला ठावं व्हतं. वढ्याकडं जाऊ म्हणलं, तर तुमीच नको म्हणलात."

द्वारकाबाईंना बोलायचं होतं. अकरा महिने साठवून ठेवलेल्या गोष्टी या बाईपुढे त्या किती सहज बोलायच्या.

"घावली तवा अंग ऊन व्हतं तिचं," कस्तुराबाई म्हणाली. "वढ्यात पानी नाय. जिभेला माती लागल्याली. आपुन हाका मारत व्हतो तवा ती जित्ती व्हती, वैनी. माझी हाक वळखायची ती. तुमची बी ऐकली असंल."

द्वारकाबाईंना गाडीचा आधार घ्यावासा वाटला आणि त्याच गाडीला हात लावायची शरम वाटली. तात्यासाहेबांना मात्र एवढ्या वेळात धीर आला होता. त्यांनी नव्या घोडीचं बोलायला सुरुवात केली. बाजार कधी भरतो, रंग कोणता हवा, वगैरे.

"घोडी आमी आमची बघू," कस्तुराबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "बिऱ्हाड आज हलवायचंय. ते कोण वाहनार? गाडी मागं घ्या."

तात्यासाहेब हसले. मग त्यांना दिसलं की दुसरं कुणी हसलेलं नाही. वनपाल बाई अजून गेल्या नव्हत्या. रत्नमालेनं दिलेलं पाणी सावकाश पीत उभ्या होत्या. तात्यासाहेबांनी गाडी मागे घेतली.

मागचं दार उघडून बिरूनं आत पाल टाकलं, जाळी टाकली, चुलीवरची काळी भांडी टाकली. पांढऱ्या लेदरच्या सीटवर चार कोकरं बसली आणि त्यांनी बसल्या बसल्या तिथे खत घातलं. पुढच्या सीटवर रत्नमाला तान्ह्याला घेऊन बसली, आणि गाडी थंड करायचं बटण तिनं न विचारता बंद केलं, बाळाला वारं लागतं म्हणून. ऋतुराजनं फोन खिशात ठेवला. त्याला पायी यायला सांगितलं गेलं. बिरूनं मेंढ्या रस्त्याला लावल्या आणि त्यांच्या मागून ती काळी, उंच गाडी चालू लागली, मेंढीच्या चालीनं. हॉर्न वाजवू नका, मेंढ्या बुजतात, एवढं एकच बिरूनं चालवणाऱ्याला बजावलं होतं.

मारुतीच्या पारावर नेहमीची मंडळी बसली होती. ती उभी राहिली. फेटा बांधणाऱ्यानं हात जोडायला उचलले होते, ते त्यानं तसेच डोक्यावरून फिरवले. काचेतून बाहेर बघणाऱ्या कोकरामुळे तात्यासाहेबांचा चेहरा लोकांना नीट दिसला नाही, आणि त्यांच्या नशिबात त्या दिवशी तेवढंच एक बरं होतं. कुणीतरी विचारलं की तात्यासाहेब, ही कुठल्या पक्षाची प्रचारफेरी? तात्यासाहेबांनी काच वर केली.

द्वारकाबाई गाडीत बसल्या नव्हत्या. त्या कस्तुराबाईच्या बरोबरीनं चालत होत्या. चप्पल घासत होती, धूळ नाकातोंडात जात होती, पण चालत राहिलं तर काहीतरी परत जागेवर येईल असं त्यांना वाटत होतं. कस्तुराबाईच्या डोक्यावर कोंबड्यांचं डालगं होतं. ते आपल्याकडे द्या, असं द्वारकाबाईंनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा कस्तुराबाई थांबली. तिनं डालगं उतरवून त्यांच्या हातात दिलं.

"हे घ्या, अन् तुमी गाडीत बसा, वैनी," ती म्हणाली. "तुमची जागा तिथंच हाय."

ती रागानं बोलली असती तर द्वारकाबाईंना बरं वाटलं असतं. पण पाय दुखणाऱ्या पाहुण्या बाईला सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि ती मेंढ्यांमागे निघून गेली. द्वारकाबाई पायरीवर पाय देऊन गाडीत चढल्या. कोकरं सरकवून त्यांनी जागा केली आणि डालगं मांडीवर घेतलं. तात्यासाहेब पुढून काहीतरी म्हणाले, ते त्यांनी ऐकलं नाही. कस्तुराबाई एकदा तरी मागे वळून बघेल, असं त्यांना वाटत होतं. मुक्काम येईस्तोवर तिनं बघितलं नाही.